सोपी वाट

डॉक्टरांनी कागदावर तीन गोळ्यांची नावे लिहिली, त्याखाली एक रेघ मारली आणि रेघेखाली फक्त एकच शब्द लिहिला : 'चालणे'.

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला चालायला सांगणे म्हणजे माशाला पोहण्याची शिकवणी लावण्यासारखे आहे. मी म्हटले, "डॉक्टर, बोरिवली स्टेशनच्या पुलावरून बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?"

"त्याला गाडी पकडणं म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "मी चालायला सांगतोय. सपाट, सोप्या रस्त्यानं, रोज पाऊण तास. आणि वहिनींनाही बरोबर न्या. त्यांच्या गुडघ्यांना हेच औषध आहे."

गोळ्यांचे मला काही वाटले नाही. साखर आमच्या घराण्यातच आहे. इस्टेटीपैकी तेवढीच आमच्या वाट्याला आली. मनाला लागला तो 'सोपा' हा शब्द. आमची पिढी या शब्दाला लाजत वाढली. गणितात चांगले मार्क मिळाले, तर वडील विचारीत, "पेपर सोपा होता का?" होय म्हटले की ते मार्क फुकट. आमचे देवसुद्धा डोंगराच्या टोकावर जाऊन बसलेले. पायथ्याशी देऊळ असेल तर त्याला कोणी फारसा नवस बोलत नाही. थोडक्यात, जे सोपे ते हलके आणि ज्याने दम लागतो ते पुण्याचे, असा हिशेब आमच्या रक्तातच आहे. साखरेच्या जोडीला.

सुदैवाने बोरिवलीकरांना चालण्यासाठी लांब जावे लागत नाही. हायवेला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे आणि आत शंभराहून जास्त चौरस किलोमीटर जंगल. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड, मध्ये तुळशी आणि विहार हे तलाव. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे जंगल शिल्लक आहे आणि त्यात बिबटेही आहेत. बिबट्याही चालतो, पण त्याला कोणा डॉक्टराने सांगितलेले नाही. आपण नेमाने येणारे पाहुणे आणि तो घरमालक, एवढे ध्यानात ठेवले आणि अंधार पडायच्या आत घरी गेले, की सहसा तो आपल्या वाटेला जात नाही.

नवशिक्याने कुठे चालावे हे मी आता अधिकाराने सांगू शकतो, कारण मी अजून नवशिकाच आहे. पहिली वाट दारापासून दहिसर नदीच्या पुलापर्यंतची. डांबरी, सपाट, वर झाडांची सावली. पावसाळा सोडला तर त्या नदीला नदी म्हणताना संकोच वाटतो. पण उगम थेट तुळशी तलावापाशी, तेव्हा घराणे चांगले आहे. दुसरी वाट गांधी टेकडीची. चढ बेताचा आणि वर गेल्यावर वारा. तिसरी कान्हेरीच्या रस्त्याची. लेणी दारापासून साधारण सहा किलोमीटरवर आहेत. पण तिथपर्यंत गेलेच पाहिजे असे कुणी लिहून दिलेले नाही. वाटेत उन्हाळ्याच्या तोंडी निष्पर्ण कांडोळाची पांढरीफटक खोडे दिसतात. ती पाहून परत फिरले तरी चालते. शिलोंड्याची जंगलवाट मात्र परवानगी काढून आणि माहितगार माणसाबरोबरच करावी. शिवाय सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून नवा संकल्प सोमवारपासून सुरू करणाऱ्या माणसाची तिथे पहिल्याच दिवशी सोय होते.

इतके सगळे सोपे होते. अवघड होते ते आमचे धाकटे मेहुणे. सह्याद्रीतला एक किल्ला त्यांनी सोडलेला नाही. माझ्या नव्या उपक्रमाची बातमी ऐकून ते म्हणाले, "भाऊजी, डांबरी रस्त्यावर? त्याला चालणं नाही, शतपावली म्हणतात. घाम नाही, दम नाही, तर माणसाला मिळणार काय?"

"गुडघे," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "आहेत तेवढे."

पण माझ्या मनाने घ्यायचे ते घेतले. दुसऱ्या दिवशी मी फोनमध्ये पावले मोजायची सोय सुरू केली आणि रोज दहा हजार पावलांचा नेम धरला. आकडा कसा भारदस्त आहे! तो एखाद्या वैद्यकीय परिषदेत ठरला असेल अशी माझी समजूत होती. पुढे कळले की १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मीटर' होते. म्हणजे मी व्रत म्हणून जे धरले होते ते मूळचे जाहिरातीतले होते. पण व्रतस्थ माणूस चौकशी करीत नाही.

त्या रविवारी आम्ही दोघे सकाळीच निघालो. पहिली पंधरा मिनिटे मी हिच्याबरोबर चाललो. 'बरोबर' म्हणजे नेहमीसारखे चार पावले पुढे. मग माझ्या ध्यानात आले, की या वेगाने दहा हजार पावले व्हायला दुपारचे जेवण चुकेल. रस्त्याकडेच्या एका कट्ट्यापाशी मी म्हटले, "तू बस इथे जरा. मी कान्हेरीच्या रस्त्याला एक फेरी मारून येतो."

"या," ती म्हणाली. एवढेच.

मी सुटलो. खरोखर सुटलो. दम लागला तेव्हा मेहुणे आठवले आणि आनंद झाला. चढ आला तेव्हा आणखी आनंद झाला. साडेचार हजार पावलांवर परत फिरलो आणि आकडा वाढताना पाहत, छाती काढून कट्ट्यापाशी आलो.

कट्टा रिकामा होता.

आधी मी फारसे मनावर घेतले नाही. असेल इथेच कुठे. मग फोन लावला, तर तिचा फोन माझ्याच पिशवीत वाजू लागला. पाण्याची बाटलीही त्याच पिशवीत होती. मी पुढे गेलो, मागे आलो. एका चालणाऱ्या गृहस्थांना विचारले, "एक बाई पाहिल्या का? हिरवं पातळ, चष्मा, जरा लंगडत..." आणि तिथे माझी जीभ अडखळली. ती त्या दिवशी लंगडत होती का? पातळ हिरवेच होते का? पंधरा मिनिटे बरोबर चाललो होतो आणि मला ते सांगता येईना. पावले मात्र विचारा! आठ हजार नऊशे बारा.

त्यानंतर माझे जे झाले त्याला डॉक्टरही चालणे म्हणणार नाहीत. घरमालकाची आठवण झाली. नाही नाही ते मनात आले. बत्तीस वर्षांत या बाईला मी फार वेळा मागे ठेवले होते, पण हरवली ती आज.

ती सापडली कान्हेरीच्याच रस्त्यावर, मी फिरलो होतो त्याच्या थोडे अलीकडे. एका दगडावर बसून दोन वानरांचे भांडण पाहत होती. पातळ निळे होते.

"अगं, इथे कशी आलीस तू?"

"चालत. तुमच्या मागून. बसून कंटाळा आला म्हणून निघाले. येताना तुम्ही माझ्या पुढून गेलात की. एवढ्या हातभर अंतरावरून. 'अहो' म्हणून हाकही मारली. तुम्ही काहीतरी मोजत होतात."

तेवढ्यात पाड्यावरची एक बाई डोक्यावर बोचके घेऊन आमच्यासमोरून गेली. उद्यानात आदिवासींचे पाडे आहेत, तिकडे निघाली असेल. तिच्या लेखी तो रस्ता ना सोपा होता ना अवघड; घरी जायचा होता. जाता जाता ती हिच्याकडे बघून हसली. त्या दोघींची ओळख झाली होती, हे उघड होते. मी आठ हजार नऊशे पावलांत एकाही माणसाकडे पाहिले नव्हते.

"चला," ही उठत म्हणाली. "पण आता माझ्याबरोबर."

तर वाचकहो, सोपी वाट किती अवघड असते हे मला त्या परतीच्या दोन किलोमीटरांत कळले. सावकाश चालायला जो दम लागतो तो कुठल्या चढावर लागत नाही. दर चार पावलांनी माझा पाय आपोआप पुढे जाई, मी त्याला ओढून मागे आणी. ती थांबली की थांबायचे. तिला एखाद्या झाडाची साल पाहायची असली की आपणही पाहायची. गुडघ्याची कळ आली की ती बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबते आणि मग तेच वाक्य पुढे चालू करते, हे मला त्या दिवशी समजले. तोपर्यंत मला वाटे, तिला बोलताना शब्द आठवत नाहीत.

तेव्हापासून मी मेहुण्यांच्या प्रश्नाचा विचार करतो आहे. दम लागला नाही तर माणसाला मिळणार काय? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. स्वतःसाठी अवघड वाट धरणाऱ्याचे कौतुक करावे; किल्ले काही घरबसल्या दिसत नाहीत. पण अवघड वाटेत एक गोम आहे. तिथे माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो, आपलेच पाय दिसतात, आणि वर पोचल्यावर जगाने आपल्यालाच पाहावे असे वाटते. सोप्या वाटेवर लक्ष मोकळे असते. ते कुठे द्यायचे हे मग ज्याने त्याने ठरवायचे. मी ते फोनला दिले, त्यात वाटेचा काय दोष?

आणि सोप्याला हलके म्हणायचे, तर आपल्याच संतांचे काय करायचे? ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीता मराठीत आणली ती लोकांना सोपी व्हावी म्हणूनच ना? योगयाग जमत नसतील त्याने नाम घ्यावे, असे सांगणारा हा संप्रदाय. त्यांनी दरवर्षी चालायला घालून दिलेली वाट आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर आहे, पण दिंडीत कोणी एकटा पुढे पळत नाही. टाळाच्या ठेक्यावर म्हातारीही चालते आणि पैलवानही. पैलवानाला त्यात दम लागत नाही, म्हणून त्याची वारी कमी प्रतीची ठरलेली मी ऐकलेली नाही. मला वाटते, स्वतःसाठी वाट अवघड करणे ही हौस आहे. दुसऱ्यासाठी ती सोपी करणे हे पुण्याचे काम आहे. आपण फार दिवस या दोहोंची गल्लत करून बसलो आहोत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अखेर कान्हेरीला गेलो. पायथ्यापर्यंत बसने. मेहुण्यांना हे सांगू नये. वर दगडात कोरलेल्या पायऱ्या आहेत. ती दहा चढायची, थांबायची. लेणी शंभरावर आहेत, आम्ही चार पाहिली. जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली आणि बाहेर दगडाचीच बसायची आसने. एका आसनावर ती टेकली आणि मी माझे ताजे वाचन सांगू लागलो. इथे शतकानुशतके भिक्षू राहत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्यासाठी लेणी आणि टाकी दान केल्याचे लेख दगडात आहेत. एका जागी येरझारा घालणे हीही या भिक्षूंची साधना होती, तिला चंक्रमण म्हणत. आणि बुद्धांनी तिचे पाच फायदे सांगितले आहेत. त्यांत शेवटचा चित्त एकाग्र होण्याचा, पण त्याच्या आधीचा खाल्लेले अन्न नीट पचण्याचा.

"म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी नवीन काही सांगितलं नाही," ती म्हणाली. आसनाच्या थंड दगडावरून तिने हात फिरवला. "आणि त्या काळी सुद्धा कुणाचे तरी गुडघे दुखत असणार. नाहीतर एवढ्या कठीण दगडात बाक कोण खोदत बसेल?"

मी तिच्या शेजारी बसलो. मला थकवा आलेला नव्हता. पण बसलो.