रुग्णाची सावड

आषाढात आपल्या पेण-रोह्याच्या बाजूला पाऊल ठेवावे ते चिखलातच. लावणीचे दिवस. घाटावरचा वारकरी त्या सुमारास खांद्यावर पताका घेऊन वाटेला लागलेला असतो आणि आपला कोकणातला वारकरी घोटाभर पाण्यात वाकून आवण लावीत असतो. म्हणून आपल्यांतील पुष्कळांची वारी कार्तिकीची. पांडुरंग त्याबद्दल कधी कोणावर रुसल्याचे ऐकिवात नाही. परंतु या लावणीच्या निमित्ताने एक गोष्ट आमच्या हातून घडली. ती कीर्तनात उभे राहून सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून येथे सांगतो.

आमच्या दिंडीतील एका टाळकऱ्याच्या घरची माउली. ज्येष्ठात तिच्या छातीत गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून ती बोलली नाही. लावणी आटपू दे, मग बघू. लावणी आटपली तो श्रावण. पेण, हमरापूर, जोहे इकडच्या गणपतींच्या कारखान्यांत त्या दिवसांत हातांना उसंत नसते. रंगकामाची मजुरी बुडवायची कशी? गणपती गेले, भात कापणीला आले. कापणी, बांधणी, झोडणी. त्यानंतर कार्तिकी. तिचे यजमान म्हणत होते, ‘बुवा, यंदा घरात बरं नाही, राहू द्या.’ आम्हीच म्हणालो, ‘नेम चुकवू नये.’ त्यांना पंढरपुरास घेऊन गेलो. गुरे राखायला ती मागे राहिली. मार्गशीर्षात डॉक्टरांनी पाहिले तेव्हा गाठ लिंबाएवढी होऊन कातडीला चिकटली होती. कर्करोग.

मग आम्हांस जाग आली. एकादशीच्या कीर्तनात लाउडस्पीकरवरून त्या माउलीचे नाव, गाव आणि रोग सांगून आम्ही झोळी फिरवली. लोकांनी हात आखडला नाही. देणाऱ्यांची नावेही वाचली, टाळ्या पडल्या. आमच्या मनास फार बरे वाटले, खोटे कशाला सांगावे. तीन महिन्यांत ते पैसे संपले, उपचार मात्र संपले नव्हते. दुसरीकडे असे झाले की तिने नळावर येणे सोडले. कोणी तिचा पेला वेगळा ठेवू लागले, जणू हा रोग स्पर्शाने लागतो. तो स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्यानेही लागत नाही. पण ते सांगायला आम्ही झोळी फिरवताना विसरलो होतो.

एके दिवशी आमचे कुटुंब तिच्याकडे गेले. आम्ही बाहेर पडवीत बसलो होतो. आतून विचारणे ऐकू आले, ‘अगो, आधी का नाही दाखवलंस?’ त्यावर ती म्हणाली, ‘बुवांनीच सांगितलान ना कीर्तनात, भोग भोगूनच सरतो. मंग डाक्तरकडं जाऊन काय करावाचं?’

ती माउली दीड वर्षाने गेली. लावणी, मजुरी, गुरे ही कारणे खरीच होती. पण त्यांच्या जोडीला आमचे एक वाक्यही होते. चाळीस वर्षे ज्या तोंडाने नाम घेतले त्याच तोंडाने ते वाक्य सांगितले होते.

आम्ही पाठशाळेत कर्मविपाक शिकलो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे कर्माचे तीन प्रकार. सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, हातातला बाण म्हणजे क्रियमाण. इथवर शास्त्र ठीक. घोटाळा कोठे होतो? स्वतःच्या दुःखात प्रारब्धाचा विचार केला तर धीर येतो. तोच विचार दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट करून केला की ती निष्ठुरता होते, आणि बहुधा आळसही. शेजारणीची गाठ हे तिचे प्रारब्ध असेल-नसेल, तो निवाडा आमच्याकडे सोपवलेला नाही. आमच्या पुढे ती आली, तेव्हा ते आमचे क्रियमाण झाले. चरकाचार्यांनीही आयुष्य केवळ दैवाच्या स्वाधीन मानलेले नाही. दैवाबरोबर पुरुषकार म्हणजे माणसाचा प्रयत्न त्यांनी जोडीने धरला आहे. सर्वच नेमलेले असते तर वैद्यकशास्त्र लिहायचे कशाला? आता कोणी विचारील, बुवा, हे तुम्हांला आधी ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण पूर्वरंगात ठेका धरला की वाक्ये आपोआप येतात.

आता त्या झोळीविषयी. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि अवमान करून, तुच्छतेने दिलेले दान तामस म्हटले आहे. आम्ही अवमान करावा म्हणून केला नाही; पण घेणाऱ्याची मान खाली गेली की नाही, एवढेच पाहायचे. ती गेली.

या विषयावर आपल्या याच दोन तालुक्यांत जन्मलेल्या दोघा थोरांनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. जन्म 11 सप्टेंबर 1895. त्यांचे 1951 चे भूदान सर्वांस ठाऊक आहे. 1952 साली त्यांनी संपत्तिदान मांडले ते तितके ठाऊक नाही. त्यात त्यांनी पैसा स्वतःकडे घेतलाच नाही. देणाऱ्याने आपल्या मिळकतीचा भाग दरसाल काढावा, आपल्याकडेच ठेवावा, सांगितलेल्या कामी आपणच खर्च करावा आणि हिशेब कळवावा. पैसे टाकून मोकळे होण्याची वाट त्यांनी बंद केली. दान म्हणजे उपकार नव्हे, नीट वाटून घेणे, हे त्यांचे सांगणे.

दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म रोह्याचा, 19 ऑक्टोबर 1920. त्यांचा स्वाध्यायाचा मार्ग आणि आपला वारीचा मार्ग निराळा; परंतु चांगले दिसेल ते घ्यावे. त्यांच्या सांगण्यावरून किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनी मिळून ‘मत्स्यगंधा’ नावाच्या नौका काढल्या. पाळीपाळीने जो नौकेवर जाईल तो त्या दिवसाचा पुजारी. मिळकत कोणा एकाची नाही, देवाची. तिला नाव दिले ‘अपौरुषेय लक्ष्मी’. ती अडलेल्या घरी गाजावाजा न करता पोचवावयाची. देणारा कोण हे दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याला कोणापुढे वाकावे लागत नाही.

हे दोन्ही मनात घोळत असता आम्हांला आपल्या शेतातलीच गोष्ट आठवली. सावड! आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. पैशाची देवघेव नाही, आभार नाहीत, नावांची यादी नाही. सावडीला आलेल्या माणसाला कोणी दाता म्हणत नाही. त्या माउलीला ज्येष्ठात पैसे नको होते. तिच्या चार खाचरांची लावणी दुसऱ्यांनी केली असती आणि एका बाईने तिच्या सोबत दवाखान्यात जाऊन यावे, एवढेच हवे होते.

कर्करोगाच्या उपचारात नेमके काय लागते हे आम्ही नंतर रुग्णांबरोबर जाऊन-येऊन शिकलो. परळचे टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले, तेही दानातूनच. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. आज ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याच संस्थेचे दुसरे केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. औषध आहे, डॉक्टर आहेत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखी सरकारी मदतही आहे. अडते ते दाराबाहेर. शेक, ज्याला किरणोपचार म्हणतात, ते आठवड्यातून पाच दिवस, असे पुष्कळदा पाच-सहा आठवडे चालतात. शेक मिनिटांचा, खेप दिवसाची. रोह्याच्या पलीकडच्या वाडीवरचा माणूस रोज परळला कसा जाईल? राहील कोठे? सोबतीला येणाऱ्याची मजुरी बुडाली तर घरी चूल कशी पेटेल? कागदावर सही कोणत्या खिडकीत, हे अक्षरशत्रू म्हाताऱ्याला कोण सांगेल?

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे गावोगावचे कर्करोगी आणि त्यांची माणसे उतरतात. बाबा 20 डिसेंबर 1956 रोजी गेले. ते कीर्तनकार होते, हातात खराटा घेणारे. त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आम्ही तेथे प्रथम गेलो तेव्हा ओसरीवर बसलेल्या एका पोराच्या डोक्यावरचे केस गेलेले पाहिले. तो आपल्या आजोबांना हसत हसत काही गोष्ट सांगत होता. आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो.

रक्ताचेही तसेच. रसायनोपचाराने रक्तातल्या बिंबिका म्हणजे प्लेटलेट कमी होतात, त्या बाहेरून द्याव्या लागतात. पिशवीतली बिंबिका सुमारे पाच दिवस टिकते. आपण उत्सवाच्या दिवशी मंडप घालून मोठे शिबिर करतो, फोटो निघतात. पण त्या दिवशी निघालेल्या बिंबिका पुढल्या आठवड्याच्या रुग्णाला उपयोगी नाहीत. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. तेव्हा शंभर जणांनी एका दिवशी देण्यापेक्षा वर्षभर पाळी लावून दिले तर ते अधिक कामाचे. वारी एकदाच करून कोणी वारकरी होत नाही, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

एकनाथमहाराजांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे कावडीने पाणी भरले. या कथेत चमत्कार शोधणारे पुष्कळ. आम्हांस त्यात आता बारा वर्षे हीच गोष्ट मोठी वाटते, आणि ओळख पटताच तो तेथून नाहीसा झाला ही.

असो. आमच्या मंडळींनी एक वही केली आहे. तीत पैशांचे पान मागे, दिवसांचे पान पुढे. कोण सोबतीला जाईल, कोण गुरे पाहील, कोणाच्या घरून डबा जाईल, कोणाच्या खाचरात कोण उतरेल. दिंडीची भिशी आपण जमवतोच. तिच्यातला ठरीव भाग दरमहा बाजूला निघतो. हिशेब दर एकादशीला वाचतो. रुग्णाचे नाव वाचत नाही, देणाऱ्याचेही नाही. प्रथम काहींना हे रुचले नाही. एक गृहस्थ म्हणाले, पावती तरी नावाची द्या. ती देतो. दामाजीपंतांसाठी देव विठूचे रूप घेऊन बेदरास गेला तेव्हा त्यानेही धान्याची रक्कम भरून पावती घेतलीच होती! हिशेब चोख असावा, डंका नको.

एक कडू गोष्टही सांगणे प्राप्त आहे. गळ्यात तुळशीची माळ आणि कमरेला तंबाखूची चंची, हे दृश्य आपल्या दिंडीत नवे नाही. मद्यमांस सोडले म्हणून आपण स्वतःस शुद्ध मानतो, आणि विसाव्याला बसलो की चुना मळतो. घरात बायका सकाळी मिश्री लावतात. ती जाळलेली तंबाखूच. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तेच. आमचीही चंची होती, पंचवीस वर्षे. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा उठला, तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर त्याच आठवड्यात दाखवावे. स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर लाज धरू नये. कार्तिकी तर नाहीच नाही, आषाढीही आड येऊ देऊ नये.

एकादशीला पंढरी आणि द्वादशीला बार्शीचा भगवंत, असा पुष्कळांचा रिवाज आहे. त्या बार्शीत 1982 पासून नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. तेथल्या आणि टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून एक लाख एकतीस हजारांहून अधिक खेडवळ स्त्रियांना धरून एक मोठा अभ्यास केला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची एक तपासणी ज्यांची झाली, त्यांच्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असे 2009 साली प्रसिद्ध झाले. एक तपासणी! पण तीसाठी गावोगाव जाऊन बायकांना समजावून बोलावणारी माणसे लागली. आपल्या भजनी मंडळातील माउल्या हळदीकुंकवाची बोलावणी करतातच. त्यांना हे काम काय अवघड?

वहीत यंदा ज्येष्ठापासून चार घरे आहेत. लावणी सर्वांची वेळेत झाली. एका घरचे खाचर तर गावात पहिले लागले, म्हणून थोडी कुरबुरही झाली. नागोठण्याकडच्या एका माउलीचे शेक खारघरला चालू आहेत. पंचविसांपैकी अठरा झाले. सोमवारी एकोणिसावा. सकाळच्या गाडीने पनवेल, तेथून लोकलने खारघर. वहीत त्या दिवसापुढे आमचे नाव आहे, म्हणून सोमवारचे नागोठण्याचे कीर्तन आम्ही रात्रीवर घेतले आहे. मंडळींनी कृपा करून तशी नोंद घ्यावी.