खरवसाचे चार वाटे

एका गावात एक पंतोजी होते. त्यांच्या शाळेत मुलं रोज सकाळी पावकी, निमकी, पाऊणकी घोकत. सगळ्यांत थोरला मुलगा तर एका दमात दिडकीपर्यंत जाई. आवाज खणखणीत आणि चूक एकही नाही.

एकदा गावातल्या शेतकऱ्याची गाय अडली. शाळेतली चार मुलं रात्रभर गोठ्यात जागली. कुणी कंदील धरला, कुणी पाणी तापवलं. पहाटे गाय मोकळी झाली, कालवड झाली. शेतकरीण हरखली. तिने चिकात गूळ आणि वेलदोडा घातला, गोल थाळीत खरवस वाफवला आणि थाळी शाळेत पाठवली. सोबत निरोप होता, "चौघांना पाव पाव द्या."

"मी कापतो," थोरला म्हणाला.

त्याने सुतळी घेतली. थाळीच्या मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत ताणली. मग ती दोनदा दुमडली, म्हणजे तिचे चार सारखे भाग झाले. तेवढ्या अंतरावर खुणा करून त्याने सुरीने तीन उभे काप दिले. चार पट्ट्या पडल्या. रुंदी अगदी एकसारखी. कडेच्या दोन पट्ट्या त्याने दोघा लहानांना दिल्या. मधल्या दोन स्वतःला आणि आपल्या मित्राला ठेवल्या. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण सुरी ज्याच्या हातात असते त्याच्याकडे मधला तुकडा आपोआप सरकतो. मोठ्यांच्या वाटण्यांतही हेच होतं.

सगळ्यांत धाकटी मुलगी हातातल्या पट्टीकडे बघत राहिली. "माझा पाव लहान आहे," ती म्हणाली.

"पाव कधी लहान असतो का?" थोरला हसला. "तुकडे चार. सुतळीने मोजलेले. चारांतला एक म्हणजे पाव."

पंतोजी काही बोलले नाहीत. त्यांनी शेजारच्या वाण्याला तराजू घेऊन बोलावलं. दोन्ही पारड्यांत केळीच्या पानाचा सारखा तुकडा घातला. एका पारड्यात कडेची पट्टी ठेवली, दुसऱ्यात मधली. मधल्या पट्टीचं पारडं खाड्कन खाली गेलं.

"कडेच्या दुसऱ्या पट्टीतली निम्मी घाल," पंतोजी म्हणाले. थोरल्याने ती पट्टी मध्यावर आडवी कापली आणि निम्मी वरच्या पारड्यात टाकली. आता एकीकडे मधली एक पट्टी, दुसरीकडे कडेच्या दीड. तरीही मधलीच जड.

थोरल्याचा चेहरा उतरला. "पण मी तर नीट मोजलं होतं," तो पुटपुटला.

"नीटच मोजलंस," पंतोजी म्हणाले. "रुंदी मोजलीस. काठाकडे थाळी वळत जाते, तिथे पट्टी आखूड होते. ते सुतळीला कसं कळणार?"

त्या दिवशी सगळा खरवस वाण्याने तोलून चौघांना दिला. थोडा भुगा झाला, पण कुणी कुरकुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतकरणीने पुन्हा थाळी पाठवली. थोरला सुरीला हात लावेना. शेवटी धाकटी पुढे झाली. तिची आई रोज भाकरीचे चतकोर करायची. तिने तसंच केलं. मधोमध एक काप उभा, मधोमध एक आडवा. ना सुतळी, ना खूण. वाण्याने चारही तुकडे आलटून पालटून तोलले. काटा कुठल्याच बाजूला कलला नाही.

तिसऱ्या दिवशी चीक पातळ झाला होता, तरी वड्या पडण्याइतका खरवस जमला. या वेळी तो चौकोनी डब्यात होता, चारही बाजू सारख्या. थोरल्याने सुरी मागून घेतली. त्याने खरवसाचे मधोमध दोन भाग केले. एका भागाचे मधून कापून दोन चौकोन केले. दुसरा भाग मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा कापला. त्याचे दोन लांबोडके तिकोन झाले.

"हे काय?" मित्र ओरडला. "तिकोन केवढे मोठे! आम्हाला चौकोन नको."

"मग तिकोन घे," थोरला म्हणाला.

"तू का देतोयस एवढ्या सहज? नक्की चौकोनच मोठा असणार!"

आता कुणालाच कुठला तुकडा घ्यावा ते कळेना. वाणी न बोलावताच आला होता. त्याने एका पारड्यात चौकोन ठेवला, दुसऱ्यात तिकोन. पारडी जराशी हलली आणि समोरासमोर थांबली. थोरला पहिल्यांदाच मोकळं हसला.

पंतोजी म्हणाले, "तुकडे चार झाले म्हणून पाव होत नाही, आणि दिसायला वेगळे म्हणून पाव मोडतही नाही. प्रत्येकाच्या वाट्याला सारखंच आलं, तरच तो पाव."

"हे झालं चौघांचं," वाणी तराजू गुंडाळत म्हणाला. "तीन दिवस दुकान सोडून आलो. माझा वाटा कुठे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. चार वाटे तर होऊन गेले होते. थोरला ओठ हलवत हिशेब करू लागला, पण हा हिशेब दिडकीत नव्हता. धाकटी आपल्या तुकड्याचे पाच सारखे भाग करायला बसली.

"प्रत्येकाने आपल्या वाट्यातला पाचवा भाग काकांना द्यायचा," ती म्हणाली. "मग आपल्याकडे चार चार उरतील आणि त्यांच्याकडेही चारच होतील."

वाण्याने गुंडाळलेला तराजू पुन्हा सोडला.