न पडलेला माणूस

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा एक दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात. यमदीपदान म्हणतात त्याला. घरात अपमृत्यू येऊ नये, एवढीच त्या दिव्याकडून अपेक्षा. मूठभर कणीक, चमचाभर तेल आणि एक वात, एवढाच खर्च. मौज अशी की, गेल्या वर्षीच्या दिव्याचा उपयोग झाला की नाही, असे कोणी कधी विचारीत नाही. घरची माणसे फराळाला बसलेली दिसतात, तेवढा पुरावा आईला पुरतो.

हाच विश्वास आपण रक्तदाबाच्या गोळीवर का ठेवीत नाही, हा प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी पडला आणि तो अजून सुटलेला नाही.

माझी आत्या तरुणपणीच माहेरी परतलेली. आमच्याच घरात तिचे आयुष्य गेले. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी एकदा तिचा दाब मोजला आणि गोळ्या सुरू झाल्या. फुकट मिळत. पाच-सहा महिन्यांनी ती मला म्हणाली, "अरे, मला तर काहीच होत नाही. मग ही गोळी रोज कशाला गिळायची?" मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, "होत नसेल तर राहू दे."

पुढच्या श्रावणात तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

शहरातल्या इस्पितळात अठरा दिवस काढले. बिल झाले दोन लाख चाळीस हजार. थोरल्या भावाने ओढ्याकाठचे अर्धे एकर काढले, मी पगारावर कर्ज घेतले, भावकीतून न मागता पैसे आले. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटत होता. परतताना एस.टी.त बसल्या बसल्या, मास्तरकीची खोड म्हणून, मी तोंडी हिशेब केला. ही साधी गोळी आज जनऔषधी दुकानात रुपयाच्या आत मिळते. रुपया धरला तरी वर्षाचे तीनशे पासष्ट. म्हणजे आम्ही अठरा दिवसांत साडेसहाशे वर्षांच्या गोळ्या खर्चून आलो होतो!

गावातल्या विहिरीत माणूस पडला तर सारा गाव दोर घेऊन धावतो. त्याच विहिरीला कठडा बांधायची वर्गणी मात्र वर्षानुवर्षे जमत नाही. पडलेल्या माणसाला नाव असते, ओरडणारी बायको असते. कठड्यामुळे न पडलेला माणूस कोण, ते कोणालाच ठाऊक नसते. त्याला स्वतःलाही नाही. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून या बाबतीत मीही गुन्हेगार. आम्हा लेखकांना घटना लागते. झटका आला की प्रकरण उभे राहते. न आलेल्या झटक्यावर कोण चार ओळी लिहील?

तरीही हिशेबाने हा प्रश्न संपत नाही. जेफ्री रोझ नावाच्या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने १९८१ साली एक विचित्र गोष्ट मांडली. जो उपाय साऱ्या समाजाच्या मोठ्या हिताचा असतो, तो त्यातल्या एकेका माणसाला फारच थोडे देतो. वरचा दाब दहा अंकांनी उतरला तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव भागाने घटतो, असे आज अनेक चाचण्यांवरून दिसते. पाव भागाने! म्हणजे आत्याने गोळी घेतली असती तरी झटका आला नसताच, असे छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. माझा अपराध सिद्ध होत नाही तो यामुळेच. आणि याच कारणाने नर्सबाईंना कधी कोणी नारळ देत नाही. त्यांनी वाचवलेली माणसे कोण, हे सिद्ध होत नाही. शंभरांनी रोज गोळी गिळायची, फायदा मोजक्यांना, आणि ते मोजके कोण हे कधीच कळायचे नाही. माणसाच्या स्वार्थाला हे पटावे कसे?

दुसरीही बाजू आहे. कठडा स्वस्त आणि दोर महाग म्हणून बुडणाऱ्याला, "बाबा, तुझा हिशेब बसत नाही," असे सांगायचे का? मला ते जमणार नाही. ते अर्धे एकर आजही मी विकू देईन. मला बोचते ते एवढेच की, त्या श्रावणाच्या आधी एका वाक्याचा खर्च मी केला नाही.

फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. दाब चढलेला डॉक्टरांना ठाऊक होता. हातात चांगले औषध नव्हते. जगातल्या सर्वांत सत्ताधीश माणसाला जे मिळाले नाही, ते आज आमच्या उपकेंद्रातल्या लाकडी कपाटात आहे. आणि तरीही गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा सुमारे सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. तो श्रीमंतांचा रोग, ही समजूत तिथेच मोडली.

गोळी स्वस्त आहे. महाग आहे ती आठवण. २०१८च्या सुमारास देशातल्या काही जिल्ह्यांत, आपल्याकडे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्गात, रक्तदाबाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यात नवे औषध नव्हते. ठरलेली दोन-तीन औषधे, एकदम महिन्याचा पुरवठा, प्रत्येकाच्या नावाची नोंद, आणि जो आला नाही त्याची चौकशी. रोज शाळेत हजेरी घेणाऱ्याला यातले मर्म चटकन कळते. गैरहजर मुलाच्या घरी निरोप गेला की मूल येते.

(मिठाचेही सांगायला हवे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. हा अंक हातात घेऊन चकली मोडणाऱ्या वाचकांचा मी विरस करीत नाही. पण लोणचे आणि पापड एकाच ताटात घेताना मी हल्ली थबकतो.)

गेल्या वैशाखात नर्सबाईंनी माझाही दाब मोजला. वरचा एकशे अठ्ठावन्न निघाला. पुन्हा दोनदा बोलावून मोजला, तोच. "मला तर काहीच होत नाही," असे शब्द माझ्या तोंडून गेले, आणि मीच चपापलो. बाईंनी वर न पाहता वहीत माझे नाव लिहिले.

रात्री जेवणानंतर मी गोळी घेतो. विसरलोच, तर आत्या खाटेवरून डाव्या हाताने ताटलीवर वाटी वाजवते. मी आत जाऊन डबी आणीपर्यंत ती थांबत नाही.