पुन्हा उगवणारा पाय

मेक्सिको सिटीतल्या आमच्या घरी ॲक्सोलोटल या पाण्यातल्या सॅलमँडरची दोन इंचांची पिल्लं आहेत. टाकीत खडी नाही, कारण पिल्लं ती गिळतात. पाणी 16 ते 18 अंश, गाळणीचा झोत अगदी मंद. तरी काल एकाने भावाचा पाय तोडला. पाय पुन्हा उगवेल, बोटांसकट. मग हिंसा झालीच नाही, असं म्हणायचं? मला नाही पटत. भरून येणार म्हणून घाव खोटा कसा ठरेल? इथल्या जुन्या कथेत शोलोत्ल देव मरणाला भिऊन ॲक्सोलोटलच्याच रूपात पाण्यात लपला. देवालाही भीती वाटली, हे मला फार जवळचं वाटतं.

आज प्रत्येकाला वेगळा डबा दिला. मग आर्टेमिया या इवल्या कोळंबीसारख्या जिवांची जिवंत पिल्लं त्यांच्यापुढे सोडताना हात थबकला. आणि मी ती सोडली.