अडकलेला बार

सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदची दसऱ्याची रात्र शोभेच्या दारूसाठी लांबलांब ठाऊक आहे. सिद्धराजाची पालखी निघते आणि मंडळं रात्रभर आभाळ उजळत ठेवतात. तोच नाद असलेल्या त्या मुलखातल्या एका बाजाराच्या गावची ही गोष्ट.

गावात दोन गल्ल्या दारू करायच्या, वरली आणि खालची. चुरस अशी, की गणपती उठले की एका गल्लीचा माणूस दुसरीच्या कामाच्या जागेकडे फिरकायचाही नाही.

वरल्या गल्लीचे आबा या कामातले जुने. शंभर भागांत सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा, गंधक दहा, हे प्रमाण त्यांच्या हाताला पाठ. नळ्याच्या दारूत लोखंडाचा कीस किती पडला म्हणजे सोनेरी फुलं उंच जातील, हे ते कीस तळहातावर घेऊन सांगत. त्या वर्षी मात्र झाड नातवानं बांधलं. बांबूचा सांगाडा, दोन पुरुष उंच. खाली चक्रं, मध्ये नळे, शेंड्यावर निळ्या-हिरव्या कागदाचा मोर. वात अशी फिरवली होती, की आग खालून चढत जाऊन शेवटी मोराचा पिसारा पेटावा.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी परतीचा पाऊस झोडपून गेला. ओल ही दारूची वैरीण. वरून माल कोरडा दिसतो, पण वातीत कुठं ओल धरली असेल तर आग तिथं मरते. कधी मरत नाही, आतल्या आत धुमसत सरकत राहते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

दसऱ्याला शिलंगण झालं, सोनं वाटून झालं, पालखी देवळासमोरच्या पटांगणात टेकली. माहेरवाशिणी, जावई, पुण्या-मुंबईहून आलेली पोरं, सगळ्यांनी गच्च्या आणि ओटे भरून गेले होते. खालच्या गल्लीनं सुरुवात केली आणि गावाचे डोळे दिपवले. मग वरल्या गल्लीचं झाड पेटलं. चक्रं फिरली, डाव्या अंगाचे नळे उसळले, आणि बरोबर मध्यावर आग थांबली. वरचं अर्धं झाड काळोखात उभं. मोर तसाच.

नातू बांबूला बांधलेला काकडा घेऊन पुढं सरला. आबांनी त्याचं कोपर धरलं.

“आबा, एक ठिणगी दिली की पेटतंय बघा.”

“अर्धा तास कुणी जवळ जायचं न्हाई.”

अर्धा तास म्हणणं सोपं. पालखी खोळंबलेली, गर्दी तापलेली. पहिली शिट्टी खालच्या गल्लीतून आली, मग ती सगळ्या पटांगणाची झाली. मानकऱ्यांपैकी एक जण येऊन म्हणाला, “आबा, देव किती वेळ उभा करायचा? लावा आन् मोकळं व्हा.” आबांनी हात जोडले, पण जागा सोडली नाही. वेळ भरल्यावर ते नातवाला म्हणाले, “आता पाणी आण.”

“आबा, लोक हसतील.”

“हसू देत की. हसायला तोंडं जाग्यावर हायत न्हवं सगळ्यांची?”

लांब दांड्याला डबा बांधून, अंग मागं ठेवून, पोरानं स्वतःच्या हातानं झाडावर पाणी ओतलं. पुन्हा पुन्हा ओतलं. मोराच्या कागदाचा रंग सुटून बांबूवरून निळे-हिरवे ओघळ उतरले, नळ्यांतून राखाडी चिखल गळू लागला. पोराच्या हनुवटीला कापरं भरलं होतं. खालच्या गल्लीच्या म्होरक्यानं ते पाहिलं. त्यानं आपल्या पोरांना शिट्ट्या थांबवायला लावल्या, त्यांच्या हातातले पेटते काकडे विझवायला लावले, आणि वरल्या गल्लीचं पाणी ओतून होईपर्यंत आपला शेवटचा बार लावू दिला नाही.

सकाळी झाड सोडवलं. वात मध्यापर्यंत जळाली होती आणि पुढं नुसता लगदा. आग मेली होती की दबा धरून बसली होती, ते पाण्यानं कळायची सोयच ठेवली नव्हती. ते झाड रात्री कडाडून फुटलं असतं, तर आबांचं खरं ठरलं असतं आणि गाव गप्प बसलं असतं. तसं काही घडलं नाही, म्हणूनच मला ही गोष्ट सांगावीशी वाटते. टळलेल्या अपघाताचा पुरावा कुणापाशी नसतो. जो टाळतो त्याच्या पदरी तेवढ्या शिट्ट्या पडतात, आणि त्या पदरात घेऊन दुसऱ्या दिवशी त्याच गावात भाजी आणायला जावं लागतं. नातू दिवाळीपर्यंत चावडीकडे फिरकला नाही. आबा मात्र रोज जात, कुणी मोराची आठवण काढली तर “भिजला बिचारा” म्हणत आणि विडीला काडी लावत.

पुढच्या दसऱ्याला खालच्या गल्लीचा बार अडकला. काकडा घेतलेलं पोर विशीचंही नव्हतं. त्यानं एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा बाराकडे, आणि सरळ मागं वळून ओरडलं, “लांब सरका! पाणी काढून ठेवा!” त्याचं ओरडणं संपायच्या आत वरल्या गल्लीची पोरं बादल्या घेऊन निघाली होती. पुढं आबांचा नातू होता.