टिटवीचं ओलं पोट

आजचा पाठ गीता अध्याय ६, श्लोक २३. हा योग निश्चयाने करावा आणि अनिर्विण्ण चित्ताने करावा, असं भगवंत सांगतात. अनिर्विण्ण म्हणजे न कंटाळलेलं, न खचलेलं.

इथे प्रवचनात हमखास टिटवीची गोष्ट येते. समुद्राने अंडी नेली, ती चोचीने समुद्र उपसायला बसली, शेवटी गरुड धावून आला आणि अंडी परत मिळाली. माउलींनीही ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात टिटवी आणलीय. आपण गीतार्थ सांगणं म्हणजे टिटवीने चोचीने सागर मोजणं, असं ते नम्रपणे म्हणतात. ग्रंथांत मान हंसाचा, पण आपल्या खान्देशात वैशाखात हंस कुठला? हिवाळ्यातले पट्टकादंबही ऊन तापायच्या आत लडाख-तिबेटकडे घरटी करायला निघून जातात. तळ्याकाठी उरते ती टिटवी.

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी यंदा तिचं घरटं बघत होतो. घरटं कसलं, उघड्या जमिनीवरचा खळगा, थोडे खडे आणि चार ठिपकेदार अंडी. (धुळ्याकडचे जुने शेतकरी ती उंचावर घातली की सखल जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधतात.) नर-मादी आळीपाळीने साधारण चार आठवडे बसतात. दुपारी पारा चाळीशीपार, त्यामुळे तेव्हा बसायचं ते ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. एवढ्याने भागत नाही म्हणून पक्षी तलावात जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतो. त्या उन्हात ती ओल किती टिकणार? सुकली की परत जायचं.

एका सकाळी चारातली दोनच अंडी उरली होती. कुत्रं असेल, मुंगूस असेल. गरुड काही आला नाही.

म्हणून श्लोक पुन्हा नीट वाचला. त्यात गरुड नाहीच! तो गोष्टीतला. श्लोकात फक्त निश्चय आहे आणि न खचलेलं मन. तुमच्यातले कितीतरी जण विचारतात, दोन वर्षं जप करतोय, मन तसंच भटकतं, ॲपवरची स्ट्रीकही तुटली, आता सोडून देऊ का? मला वाटतं, आपण गरुडाची वाट बघत जप करतो, म्हणून तो आला नाही की खचतो. पुढे २६ व्या श्लोकात भगवंत म्हणतात, मन जिथे जिथे पळेल तिथून परत आणा. किती वेळा, याची मर्यादा त्यांनी घातलेली नाही.

त्या दुपारी टिटवी पोट भिजवून आली आणि उरलेल्या दोन अंड्यांवर बसली.

मेहरूणला फिरायला जाणाऱ्यांनी सध्या काठाच्या खडकाळ जागेतून जपून चाला, कुत्रं सोबत असेल तर पट्ट्याला धरा. उद्या श्लोक २४.

राम कृष्ण हरी.