मैदानाचे पाणी आणि क्लबचे दायित्व

व्यावसायिक क्रीडा क्लब कायद्याने कंपनी असला, तरी त्याचा सारा व्यवहार ज्या शहराचे नाव तो लावतो त्या शहराच्या आपुलकीवर उभा असतो. म्हणूनच त्याचे सामाजिक उत्तरदायित्व, म्हणजे ज्या समाजावर आपली भरभराट अवलंबून आहे त्याच्याप्रती असलेली बांधिलकी, एखाद्या कारखान्याच्या दायित्वाहून अधिक जवळचे असते. भारतात मात्र या संकल्पनेला कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ ने खर्चाचे रूप दिले: ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्च करावी. नफा कमावताना काय वापरले आणि ते कोणाच्या वाट्याचे होते, याची विचारणा हे कलम करत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राला नेमकी हीच विचारणा करावी लागली. लातुरात पाण्यावरून तंटे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागू झाली होती, १२ एप्रिलला मिरजेहून निघालेल्या रेल्वेच्या दहा वाघिणी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन तिथे पोहोचल्या, आणि त्याच दिवसांत आयपीएलचा हंगाम सुरू झाला होता. राज्यातील सामन्यांसाठी खेळपट्ट्यांवर आणि मैदानांवर ६० लाख लिटर पाणी मारले जाईल, असे जनहित याचिकेत म्हटले होते. सुनावणीत क्रिकेट मंडळाने रेसकोर्सवरील प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दाखवली, दुष्काळ निधीला मदतीचा प्रस्तावही पुढे आला; तरीही १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला आणि अंतिम सामना बंगळूरुला गेला.

उसाला लागणाऱ्या पाण्यापुढे मैदानाचे पाणी नगण्य होते आणि सामने हलवल्याने लातूरचा एकही हंडा भरला नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही. सांडपाण्याचा पर्याय उपलब्ध होता, आणि तरीही तो न्यायालयात उत्तर देण्याची वेळ आल्यावरच पुढे आला. शहराचे नाव जर्सीवर मिरवणाऱ्या संघांनी तो आपणहून हंगामाआधी स्वीकारला असता, तर त्याला दायित्व म्हणता आले असते.

मुंबई इंडियन्सचा संघ स्वयंसेवी संस्थांमार्फत हजारो मुलांना वानखेडेवरील एका सामन्याला बोलावतो, आणि त्या दिवशी निळ्या जर्सीतल्या मुलांच्या आरडाओरड्याने स्टँड दुमदुमून जातात. या उपक्रमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, कारण शिक्षण आणि खेळ दोन्ही प्रत्येक मुलाचे आहेत ही भावना त्यातून लोकांपर्यंत पोहोचते. मात्र देणगीचा विषय, वेळ आणि प्रमाण देणारा ठरवतो, तर दायित्वात हा अधिकार बऱ्याच अंशी समोरच्याकडे जातो. तहानलेल्या गावाने किंवा मैदानाशेजारच्या वस्तीने विचारलेल्या प्रश्नाला क्लबने उत्तर देणे भाग असते, मग तो प्रश्न त्याच्या प्रसिद्धीच्या सोयीचा असो वा नसो.

असा प्रश्न विचारायला आधी माहिती हाती हवी. सेबीच्या नियमांनुसार शेअर बाजारातील आघाडीच्या १,००० कंपन्यांना किती पाणी उपसले हे आता दरवर्षी जाहीर करावे लागते. पण संघ चालवणाऱ्या बहुतेक कंपन्या बाजारात नोंदलेल्याच नसल्याने हे बंधन त्यांना लागू होत नाही. त्यामुळे ही माहिती मागण्याचे काम सामन्यांचा परवाना देणाऱ्या मंडळाने आणि मैदानाला पाणी पुरवणाऱ्या महापालिकेने करायला हवे, आणि तेही हंगामाचे वेळापत्रक ठरण्याआधी.